पहिली मॅमोग्राफी: वेळ घेण्यापासून रिपोर्ट हातात येईपर्यंत

पानगळ

वय ४५. गाठ, दुखणं, स्राव असली कोणतीही तक्रार नाही, घराण्यात कुणाला स्तनाचा कर्करोग नाही. वय झालं म्हणून मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांची एक्स-रे तपासणी, करायची, इतकंच कारण. सेंटरवाल्यांनी फोनवर 'डिओडरंट लावून येऊ नका' एवढं सांगून फोन ठेवला.

मला जरा खोलात माहिती हवी आहे. पाळी अजून चालू आहे, तर वेळ कुठल्या दिवसांतली घ्यावी? मशिनवर नेमकं काय करतात, किती दाबतात, किती वेळ? सोनोग्राफीवर भागणार नाही का? रेडिएशनपासून थायरॉइड वाचवायला गळ्याला शिशाचा पट्टा मागून घ्या असे मेसेज फिरतात, त्यात तथ्य आहे का? आणि रिपोर्टवर बायरॅड्स नावाचा आकडा असतो म्हणे, तो कसा वाचायचा?

'काही होत नाही गं, जाऊन ये' छापाचे प्रतिसाद नकोत. घाबरलेली नाही, फक्त आंधळेपणानं जायचं नाही.

भिंग

आधी वेळ. पाळी सुरू झाली तो पहिला दिवस धरून मोजा आणि साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसातली तारीख घ्या. पाळीच्या आधीच्या आठवड्यात हार्मोन्समुळे स्तनांत पाणी धरतं, ते जड आणि हुळहुळे होतात. अशा वेळी दाब सोसत नाही, आणि दाब कमी पडला की चित्रही कमी प्रतीचं येतं. पाळी अनियमित असेल तर मात्र या हिशेबापायी महिनोनमहिने तारीख पुढे ढकलू नका. हा सोयीचा भाग आहे, अट नव्हे.

तुम्ही 'तक्रार नाही' असं लिहिलंत, ते दिसतं त्याहून महत्त्वाचं आहे. स्क्रीनिंग मॅमोग्राफी (तक्रार नसताना केलेली) आणि निदानासाठीची मॅमोग्राफी एकाच मशिनवर होतात, पण पद्धत वेगळी. स्क्रीनिंगमध्ये ठरलेली चार चित्रं काढतात आणि तुम्हाला घरी पाठवतात. रेडिऑलॉजिस्ट ती नंतर, इतर बायकांच्या चित्रांबरोबर सलग बसून वाचतो. निदानाच्या वेळी डॉक्टर तिथेच चित्रं बघतात, लागली तर जास्तीची काढायला सांगतात आणि बहुधा त्याच दिवशी सोनोग्राफीही होते. म्हणून आत्ता आणि अपॉइंटमेंटच्या दिवसाच्या मध्ये काही जाणवलं, म्हणजे गाठ, एकाच बाजूच्या निपलमधून आपोआप येणारा पाण्यासारखा किंवा रक्ताळ स्राव, नव्यानं आत ओढलं गेलेलं निपल, खळगा पडलेली किंवा जाडसर, छिद्रं दिसू लागलेली त्वचा, तर 'आता जायचंच आहे की' म्हणून गप्प राहू नका. फोन करून सांगा, तपासणीचा प्रकारच बदलतो. आणि हाताला गाठ लागत असताना मॅमोग्राम स्वच्छ आला, तरी त्यावर विसंबून थांबायचं नसतं.

वेळ घेतानाच सांगून ठेवायच्या गोष्टी:

स्तनांत इम्प्लांट (बसवलेल्या कृत्रिम पिशव्या) असतील तर. तेव्हा नेहमीच्या चार चित्रांखेरीज इम्प्लांट मागे सारून आणखी चार काढतात, त्यामुळे वेळ दुप्पट लागतो आणि हे काम जमणारी व्यक्ती त्या दिवशी हजर असावी लागते.

पेसमेकर, केमोचा पोर्ट किंवा छातीत बसवलेलं दुसरं काहीही. त्यामुळे मॅमोग्राफी रद्द होत नाही, फक्त त्या जागेवर दाब येणार नाही असं बेतावं लागतं.

गरोदर असण्याची शक्यता. अंगावर पाजत असाल तर तेही. अशा वेळी अगदी आत जाण्याआधी बाळाला पाजून किंवा दूध काढून स्तन रिकामे करतात, म्हणजे दाबही कमी टोचतो आणि चित्रही जरा मोकळं येतं.

गेल्या काही आठवड्यांत दंडात कुठली लस घेतली असेल तर तारीख आणि बाजू. लसीनंतर त्या बाजूच्या काखेतल्या लसिकाग्रंथी काही काळ सुजतात. रेडिऑलॉजिस्टला माहीत नसेल, तर विनाकारण शंका.

आता डिओडरंट. घाम रोखणाऱ्या डिओडरंटमध्ये ॲल्युमिनियमचे क्षार असतात. काखेच्या घडीत त्यांचे कण अडकले, की चित्रात पांढरे बारीक ठिपके उमटतात आणि ते हुबेहूब कॅल्शियमच्या कणांसारखे दिसतात. सुरुवातीच्या कर्करोगाची खूण असू शकणाऱ्या ज्या कणांच्या शोधात ही तपासणी करायची, त्यांचीच नक्कल. पावडर तशीच, आणि जस्त असलेली मलमं व सनस्क्रीनही. लोक काख पुसतात आणि स्तनाखालची घडी विसरतात. उन्हाळ्यात पावडर नेमकी तिथेच असते. लोशनचा प्रश्न वेगळा, त्यानं कातडी प्लेटवरून निसटते. लावून गेलातच, तर बाथरूममध्ये ओल्या कापडानं पुसा आणि टेक्निशियनला सांगा. परत घरी यायची गरज नाही.

कपडे वर-खाली वेगळे असावेत, म्हणजे फक्त वरचे काढून गाऊन घालता येतो. गळ्यातलं आणि लोंबते कानातले घरीच ठेवा. केस मानेवर मोकळे राहतील तर वर बांधा. केसांची बट चित्रात आली तर ते चित्र पुन्हा काढावं लागतं.

निळी_शाई

भिंग यांनी दारापर्यंत आणून सोडलंय, आता आत जाऊ. टेक्निशियनच्या बाजूनं लिहिते.

खोलीत एक उभा खांब असतो. त्याला एक हात, त्या हाताच्या वर एक्स-रेची नळी, खाली छातीच्या उंचीची सपाट प्लेट. या प्लेटमध्येच डिटेक्टर असतो. मधे वर-खाली सरकणारी पारदर्शक प्लास्टिकची पट्टी, तिला पॅडल म्हणतात. झोपायचं नसतं, बंद नळकांड्यात जायचं नसतं, इंजेक्शन नसतं. उपाशी राहायचं नसतं, उलट राहूच नका. उभ्या उभ्या चक्कर येणाऱ्यांमध्ये न जेवता आलेल्या बऱ्याच असतात.

आधी चार-पाच प्रश्न: पूर्वीचं ऑपरेशन, पाळीची तारीख, हार्मोनच्या गोळ्या, घरातला इतिहास. मग त्वचेवर नजर. ठळक तीळ किंवा जुना व्रण असेल, तर त्यावर छोटी चिकटपट्टी लावतात, तिच्यात चित्रात दिसणारी खूण असते. नाहीतर उठून आलेला तीळ आतल्या गाठीसारखा भासतो.

एका बाजूची दोन, अशी चार चित्रं.

पहिलं वरून खाली. सरळ समोर उभं राहायचं, टेक्निशियन स्तन खालून उचलून प्लेटवर ठेवते आणि पुढे ओढते. हो, हातानं. या कामात संकोच ठेवून चालत नाही, कारण छातीच्या भिंतीला लागून असलेला भाग पुढे आणला नाही तर तो चित्रात येतच नाही. मान दुसऱ्या बाजूला वळवायची, ज्या स्तनाचं चित्र चालू आहे त्या बाजूचा खांदा सैल सोडायचा.

दुसरं तिरकं. मशिनचा हात साधारण ४५ अंशांत कलतो. उंच, सडपातळ बाईसाठी जास्त उभा, बुटक्या-रुंद बांध्यासाठी जास्त आडवा. प्लेटचा वरचा कोपरा काखेच्या मागच्या बाजूला बसतो आणि हात प्लेटवरून पलीकडे टाकून दांडा धरायचा असतो. काखेकडे जाणारा स्तनाचा शेपटासारखा भाग आणि छातीचा स्नायू याच चित्रात दिसतात. चारही चित्रांत सगळ्यात जास्त बिघडतं ते हेच, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: दांडा आवळून धरणं. हात आवळला की छातीचा स्नायू ताठ होतो आणि स्तनाला मागे खेचतो. मग टेक्निशियन पुढे ओढते, स्नायू मागे ओढतो, दुखतंही जास्त आणि येतंही कमी. दांड्यावर हात नुसता टेकवा. खांदा पडू द्या. पाय मशिनकडे, पार्श्वभाग किंचित मागे, पोट सैल.

दाबाबद्दल. पॅडल आधी पायानं चालवायच्या पेडलवर खाली येतं, शेवटचा थोडा भाग बरेचदा हातानं चाक फिरवून हळूहळू. पडद्यावर दोन आकडे दिसतात, दाब न्यूटनमध्ये आणि जाडी मिलिमीटरमध्ये. दाब बहुतेकींना ८० ते १५० न्यूटनच्या आसपास लागतो, म्हणजे ८ ते १५ किलो वजन ठेवल्यासारखा. मोटरनं दिला जाणारा दाब सहसा २०० न्यूटनच्या पुढे जाऊ देत नाहीत. योग्य दाब ओळखायचा तो आकड्यावरून नाही. त्वचा ताणली जाऊन बोटानं टिचकी मारल्यावर खळगा पडत नाही, तिथे थांबायचं. त्यापुढे दाबून जाडी कमी होत नाही, फक्त दुखतं.

इतकं दाबायचंच कशाला? एक, एकावर एक आलेल्या पेशीजालाच्या घड्या पसरतात, त्यामुळे सावलीवर सावली पडून खोटी गाठ दिसत नाही आणि खरी लपत नाही. दोन, जाडी कमी झाली की कमी किरणांत काम होतं. तीन, विखुरलेल्या किरणांचा धूसरपणा घटतो. चार, स्तन जागचा हलत नाही. कॅल्शियमचा कण मिलिमीटरच्या दशांशाएवढा असू शकतो, तो हलल्या चित्रात पुसूनच जातो.

पूर्ण दाब प्रत्येक चित्रामागे पाच-दहा सेकंद. 'श्वास थांबवा' म्हटलं की आहे तिथेच थांबवा. बहुतेकजणी सवयीनं आधी मोठा श्वास भरून घेतात, छाती फुगते आणि सगळी मांडणी सरकते. चित्र निघालं की पॅडल आपोआप सुटतं. खोलीत एकूण १० ते १५ मिनिटं, कपडे बदलणं धरून अर्धा तास.

चित्र आल्यावर टेक्निशियन पडद्यासमोर थबकते, ते काही सापडलं म्हणून नव्हे. ती मांडणी तपासत असते. तिरक्या चित्रात छातीचा स्नायू निपलच्या पातळीपर्यंत उतरलाय का, स्तनाखालची घडी मोकळी उघडलीय का, निपल बाजूनं दिसतंय का, कातडीची सुरकुती पडलीय का. निपलपासून स्नायूपर्यंतचं अंतर दोन्ही चित्रांत साधारण एका सेंटिमीटरच्या फरकात जुळायला हवं. वरून काढलेल्यात ते फारच कमी भरलं, तर मागचा भाग निसटलाय. अशा वेळी लगेच पुन्हा काढतात. तिचा चेहरा वाचत बसू नका, आणि 'काही दिसलं का' असं विचारलंत तर ती उत्तर देणार नाही. तिला अधिकार नसतो.

स्तन मोठे असतील तर एका चित्रात मावत नाहीत (डिटेक्टर साधारण २४ गुणिले ३० सेंमी असतो), मग तुकड्यांत काढतात आणि चाराची सहा-आठ होतात. त्याचा अर्थ इतकाच.

आणि दुखलं तर 'थांबा' म्हणा. पॅडल ताबडतोब सोडता येतं. सुटकेचं बटण असतंच.

पानगळ

निळी_शाई, दांडा आवळायचा नाही हे कुठेच वाचलं नव्हतं. धन्यवाद. सेंटरवर 'थ्रीडी मॅमोग्राफी'चाही पर्याय आहे, तो घ्यावा का? आणि पट्ट्याचं, सोनोग्राफीचं अजून कुणी लिहिलं नाही.

चौकट

शिशाचा पट्टा: मागू नका. मॅमोग्राफीचा किरणांचा झोत छातीच्या भिंतीपाशी कापलेला असतो आणि ऊर्जा कमी असते, २५ ते ३५ किलोव्होल्टची. थायरॉइडपर्यंत विखरून पोचतं ते नगण्य. उलट तिरक्या चित्रात पट्ट्याची कड चित्रात येते, चित्र पुन्हा काढावं लागतं, म्हणजे वाचवायला गेलेलं रेडिएशन स्तनाला दुसऱ्यांदा. टेलिव्हिजनवरच्या एका कार्यक्रमापासून ही सूचना जगभर पसरली; अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजी या रेडिऑलॉजिस्टांच्या संघटनेनं तिचं जाहीर खंडन करूनही मेसेज फिरतच आहेत.

एकूण मात्रा: चार चित्रांची मिळून सुमारे ०.४ मिलिसिव्हर्ट. जमीन, हवा, अवकाशातले किरण यांतून माणसाला वर्षाला जगाच्या सरासरीनं २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. म्हणजे दोन महिन्यांचा नैसर्गिक वाटा. शून्य नाही, म्हणून विशीत-तिशीत उगाच कुणी स्क्रीनिंग मॅमोग्राफी करत नाही. पण पंचेचाळिशीत हा काळजीचा मुद्दा नव्हे.

थ्रीडी म्हणजे टोमोसिंथेसिस. दाब तोच, पण नळी कमानीत फिरत अनेक कमी मात्रेची चित्रं घेते आणि संगणक त्यांचे मिलिमीटरभर जाडीचे थर करतो. पुस्तक मिटलेलं बघण्याऐवजी पान पान उलटून बघण्यासारखं. घन (चरबी कमी आणि ग्रंथींचं पेशीजाल जास्त असलेल्या) स्तनांत याचा फायदा, आणि बऱ्याच ठिकाणी परत बोलावण्याचं प्रमाणही यानं उतरलेलं दिसतं. दाब काही सेकंद जास्त वेळ राहतो. विचारायचा प्रश्न एकच: 'साधं चित्र वेगळं काढता की थ्रीडीतूनच तयार करता?' दोन्ही वेगळी काढली तर मात्रा जवळजवळ दुप्पट होते (तरीही मर्यादेत असते). थ्रीडीतूनच साधं चित्र बनवत असतील तर फारशी वाढत नाही. थ्रीडी मिळत असेल तर जरूर घ्या, मिळत नसेल तर तेवढ्यासाठी तपासणी अडवू नका.

सोनोग्राफी: ती पूरक आहे, पर्याय नाही. सोनोग्राफी गाठ पाण्याची की भरीव ते उत्तम सांगते. पण सुरुवातीच्या, दुधाच्या नळीतच असलेल्या कर्करोगाची खूण बरेचदा फक्त कॅल्शियमच्या बारीक कणांचा पुंजका असते, आणि तो सोनोग्राफीत भरवशानं दिसत नाही. मृत्यू कमी होतात हे मोठ्या चाचण्यांमधून दिसलं ते मॅमोग्राफीबद्दल. उष्णतेचे फोटो काढून 'दाबाशिवाय, रेडिएशनशिवाय' तपासणी करून देतो म्हणणाऱ्या थर्मोग्राफीच्या वाटेला तर जाऊच नका. ती मॅमोग्राफीच्या जागी चालत नाही असं अमेरिकेत औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या एफडीएनं वारंवार बजावलं आहे.

एक गोष्ट इथे कुणी काढली नाही म्हणून मीच काढतो. ४५ व्या वर्षी करावीच का, यावर जगात एकमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१४ मध्ये मुख्य भर ५० ते ६९ या वयावर दिला, दर दोन वर्षांनी. ब्रिटनमध्ये पन्नाशीपासून ७१ व्या वाढदिवसापर्यंत दर तीन वर्षांनी बोलावतात. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलानं एप्रिल २०२४ मध्ये वय खाली आणून ४० ते ७४, दर दोन वर्षांनी असं केलं. फरक का, तर चाळिशीत आजार कमी जणींना असतो आणि स्तन जास्त घन असतात. त्यामुळे त्याच तपासणीतून फायदा थोडा कमी आणि खोटे इशारे जास्त. तुम्ही करताय ते चूक आहे असं मुळीच नाही. फक्त डोळे उघडे ठेवून करायचं म्हणालात, म्हणून.

भिंग

चौकट यांच्या शेवटच्या परिच्छेदाला पुस्ती: हे सगळे आकडे सर्वसाधारण जोखमीच्या बाईसाठी आहेत. घरात बीआरसीए जनुकातला दोष (स्तनाच्या कर्करोगाचा धोका खूप वाढवणारा, आनुवंशिक) निघालेला असेल, आई-बहिणीला कमी वयात झालेला असेल किंवा लहानपणी-तरुणपणी छातीवर रेडिएशनचे उपचार झाले असतील, तर वेळापत्रक पार वेगळं, लवकर सुरू होणारं, आणि त्यात एमआरआयही असतो. वडिलांकडचा इतिहासही तितकाच धरायचा. आत्या आणि वडिलांची आई बहुतेकींच्या हिशेबातून सुटतात.

उंबरठा

रिपोर्टचं मी लिहितो.

पहिल्यांदा 'घनता' शोधा. ए, बी, सी, डी असे चार गट असतात. ए म्हणजे जवळजवळ सगळी चरबी, डी म्हणजे अतिशय घन. चरबी चित्रात काळसर दिसते, ग्रंथींचं पेशीजाल पांढरं, आणि गाठही पांढरीच. म्हणून सी आणि डीमध्ये गाठ झाकली जाऊ शकते. चाळिशीपुढच्या जवळजवळ निम्म्या बायका सी किंवा डीमध्ये बसतात, तेव्हा तो रोग नव्हे, पण जोखीम थोडी वाढवणारा आणि चित्राची खात्री कमी करणारा घटक नक्की आहे. हातानं चाचपून घनता कळत नाही. कडक लागणारा स्तन घन असतोच असं नाही. सी-डी आलं तर पुढे सोनोग्राफी किंवा एमआरआय जोडायचा का, हा प्रश्न डॉक्टरांना स्वतःहून विचारा.

मग बायरॅड्स. ही अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजीनं घालून दिलेली पद्धत, आकडा ० ते ६.

० म्हणजे शून्य धोका नव्हे. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच. ० म्हणजे 'तपासणी अपुरी, आणखी चित्रं किंवा जुनी चित्रं लागतील'. १ म्हणजे काहीही नाही, २ म्हणजे काहीतरी आहे पण निःसंशय निरुपद्रवी. १ आणि २ चा व्यवहारातला अर्थ एकच: पुढच्या ठरलेल्या वेळी या. ३ मध्ये कर्करोगाची शक्यता २ टक्के किंवा त्याहून कमी, सहसा सहा महिन्यांनी पुन्हा चित्र काढून ते बदललं का बघतात. ४ पासून सुईनं तुकडा काढून तपासणी, पण ४ ची पट्टी फार रुंद आहे, २ पासून ९५ टक्क्यांपर्यंत. त्यामुळे नुसता '४' वाचून काहीच कळत नाही. ए (१० टक्क्यांपर्यंत), बी (५० पर्यंत) की सी, ते अक्षर बघा. ५ म्हणजे ९५ टक्क्यांच्या वर. ६ तुमच्या वाट्याला स्क्रीनिंगमध्ये येत नाही, तो आधीच निदान झालेल्यांसाठी.

परत बोलावणं. अमेरिकेत शंभरातल्या साधारण दहाजणींना, ब्रिटनमध्ये चौघींना परत बोलावतात, आणि त्या चौघींतल्या एकीला कर्करोग निघतो. पहिल्या खेपेला हे प्रमाण जास्तच असतं, आणि त्याचं कारण साधं आहे. तुलनेला जुनं चित्र नसतं. समजा, डाव्या बाजूला वरच्या भागात दाट पट्टा दिसतोय. तो वीस वर्षं तसाच आहे की सहा महिन्यांत उगवलाय, हे पहिल्या चित्रावरून कुणालाच सांगता येत नाही. म्हणून फोन आला तर तो बहुधा याच कारणानं असतो: दोन सावल्या एकावर एक आल्या, किंवा साधी पाण्याची गाठ, किंवा चित्र हललं.

दुसऱ्या खेपेला काय करतात: छोटं पॅडल लावून फक्त त्याच जागी दाब देऊन चित्र. पेशीजाल पसरलं आणि सावली विरली, तर प्रकरण तिथेच मिटतं. कॅल्शियमचे कण असतील तर मोठं करून चित्र, त्यात त्यांचा आकार आणि मांडणी बघतात. गोल, विखुरलेले, रक्तवाहिनीच्या दोन रुळांसारखे असतील तर निरुपद्रवी. एकाच जागी दाटलेले, वेडेवाकडे किंवा नळीच्या रेषेत ओळीनं लागलेले असतील तर सुईची तपासणी. गाठीसारखं काही असेल तर सोनोग्राफी. हे सगळं करूनही बऱ्याच जणींचा रिपोर्ट शेवटी १ किंवा २ येतो.

दोन मर्यादा ध्यानात असू द्या. स्क्रीनिंग मॅमोग्राफीतून अंदाजे आठातला एक कर्करोग निसटतो. म्हणून रिपोर्ट स्वच्छ असला तरी मधल्या काळात बदल जाणवला तर पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका. दुसरी मर्यादा उलट दिशेची: कधीच त्रास दिला नसता असेही काही कर्करोग सापडतात आणि त्यांवर उपचार होतात. ब्रिटनमध्ये २०१२ मध्ये मायकेल मार्मट यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं हिशेब मांडला होता: पन्नाशीपासून २० वर्षं बोलावलेल्या १०,००० बायकांमागे ४३ मृत्यू टळतात आणि १२९ जणींचं असं जादा निदान होतं. सापडलेल्यांपैकी नेमका कुठला गप्प बसला असता, हे मात्र त्या त्या बाईच्या बाबतीत सांगता येत नाही. दोन्ही आकडे शेजारीशेजारी ठेवून वाचा. एकच आकडा सांगणारा माणूस तुम्हाला कुठेतरी ढकलत असतो.

मधली_सुट्टी

उजवा खांदा आखडलेला असेल, हात वर जात नसेल तर तिरकं चित्र होतं का? आणि रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर?

निळी_शाई

होतं. हात पूर्ण वर न्यायचा नसतोच, प्लेटच्या उंचीला टेकवला की पुरतो. तेही जमत नसेल तर मशिनचा कोन बदलतात किंवा सरळ बाजूनं चित्र काढतात. काखेचा थोडा भाग त्यात कमी येतो आणि तशी नोंद रिपोर्टसोबत जाते. चाकाच्या खुर्चीवर बसूनही होतं, प्लेट खाली येते, फक्त खुर्चीचे हात निघणारे असावेत. हे सगळं वेळ घेतानाच सांगा, म्हणजे जास्त वेळेचा स्लॉट देतात.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मॅमोग्राफीसाठी बंद करायच्या नाहीत. काळंनिळं पडू शकतं, इतकंच. टेक्निशियनला सांगा, म्हणजे ती दाब आणखी सावकाश वाढवेल. स्तनाखालच्या घडीत घामानं त्वचा सोललेली असेल तर आधी ती बरी करून मग या, नाहीतर ताणल्यावर तिथे चीर जाते. दाबानं गाठ फुटते किंवा कर्करोग पसरतो हे खोटं आहे.

पानगळ

बरंच हाती लागलं. पुढच्या पाळीनंतरच्या आठवड्यातली तारीख घेते. एकच राहिलं, तिथून निघताना काय काय मागून घ्यायचं?

उंबरठा

रिपोर्टचा कागद तर देतीलच, पण त्याहून मोलाची मूळ चित्रं. डायकॉम (वैद्यकीय चित्रांचा मूळ डिजिटल) फॉरमॅटमध्ये, सीडीवर किंवा लिंकवर. फिल्मवर छापून दिलेलं किंवा मोबाइलवर पाठवलेलं चित्र तुलनेला चालत नाही, त्यात बारीक कण दिसत नाहीत. सेंटर बदललंत तर हीच चित्रं आधी पोचती करा. हाताशी असली की पुढच्या वेळी शून्य येण्याची शक्यता बरीच घटते.

रिपोर्ट कधी आणि कसा मिळणार, आणि सांगितलेल्या तारखेला काहीच आलं नाही तर कुणाला फोन करायचा, ते निघण्याआधी विचारून घ्या. 'काही कळवलं नाही म्हणजे सगळं ठीक' असं धरून चालू नका.

आणि सीडी घरी आल्यावर एकदा उघडून बघा. चार चित्रं, प्रत्येकावर नाव, तारीख आणि डावी-उजवी खूण. रिकामी सीडी निघाल्याचं दोन वर्षांनी कळून उपयोग नाही.